जर्मन गाडी आणि जालन्याचा बलून

हे लिहायला मी दोन महिने थांबले. राग निवला की शांतपणे लिहू, असं ठरवलं होतं. तो काही निवत नाही, म्हणून आता आहे तसाच लिहायला बसले आहे.

आधी गाडीबद्दल सांगते. गाडी जर्मन आहे, काळी, सतरा वर्षांची. अकरा वर्षांपूर्वी एका डॉक्टरांकडून मी ती जुनी विकत घेतली, माझ्या पगारातून आणि माझ्या नावावर. मी पुण्याजवळच्या एका तंत्रनिकेतनात यंत्र विभागात तीस वर्षं शिकवलं. हवेच्या दाबावर चालणारी यंत्रं हा माझा विषय. या गाडीला नेहमीच्या लोखंडी स्प्रिंगा नाहीत. चारही चाकांवर रबराच्या जाड पिशव्या आहेत, त्यांत हवा भरलेली असते आणि गाडी त्या हवेवर तरंगत जाते. मी तिच्या प्रेमात पडले ती एवढ्याचसाठी.

माझा नवरा सुधाकर याला गाडीतलं काही म्हणजे काही कळत नाही. तो बँकेत होता, आता निवृत्त आहे, आणि गाडीत त्याचं काम गाणी लावण्याचं. तरी गेली अकरा वर्षं प्रत्येक गॅरेजात गाडीबद्दलचा प्रश्न त्यालाच विचारला जातो. तो बिचारा म्हणतो, "ह्यांना विचारा." विचारणारा माझ्याकडे बघून हसतो आणि पुढचा प्रश्न पुन्हा त्यालाच विचारतो.

या प्रवासाला निघायचं कारण होत्या अक्का. अक्का म्हणजे सुधाकरची थोरली बहीण, भोकरदन तालुक्यातल्या राजूरला राहतात. त्यांच्या खुब्याचं एक ऑपरेशन बिघडलं होतं आणि दुसरं पुण्यात करायचं ठरलं होतं. सोमवारी सकाळी भरती व्हायचं होतं. जीपमध्ये त्यांना बसवत नव्हतं, खड्डा लागला की कळ मस्तकात जायची. रुग्णवाहिकेचं नाव काढलं तर फोनवरच म्हणाल्या, "मढ्यासारखी गावातून निघू का मी? तुझी ती हवेची गाडी घेऊन ये." म्हणून शुक्रवारी पहाटे आम्ही ती हवेची गाडी घेऊन निघालो.

त्याच्या पाच आठवडे आधी पुढच्या उजव्या चाकावरची पिशवी गळायला लागली होती. शहरातल्या एका मोठ्या, काचेच्या सर्व्हिस सेंटरात गाडी दिली. तिथला मॅनेजर सुधाकरला म्हणाला, "सर, हा पार्ट आता बनत नाही. जर्मनीत शेवटचे दोन-चार पीस असतील, त्यातला एक मागवतो." बारा दिवस वाट पाहिली. नवाकोरा, चकचकीत पार्ट बसवून मिळाला. किंमत इथे लिहीत नाही.

अंकुशनगर

नगर, शेवगाव, गेवराई करत दुपारी बाराच्या सुमारास शहागडला गोदावरी ओलांडली. पुण्याकडच्या लोकांना मराठवाडा म्हटलं की फक्त कोरडी ढेकळं दिसतात. त्यांनी डिसेंबरात इथे यावं. दोन्ही बाजूंना ऊस आणि मधूनमधून मोसंबीच्या बागा. अंकुशनगरला साखर कारखाना आहे, त्यामुळे अलीकडेच मळीचा आंबूस वास यायला लागला. मग ट्रॅक्टरांची रांग लागली. एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांवर छपराएवढा ऊस, आणि प्रत्येक ट्रॅक्टरवर वेगळं गाणं ठणाणत होतं.

त्या रांगेतून हळूहळू पुढे सरकत असताना समोर डॅशबोर्डवर लाल दिवा लागला आणि गाडी उजव्या अंगाने खाली बसत गेली. दचका नाही, आवाज नाही. दमलेली म्हैस पुढचे गुडघे टेकून बसते तशी बसली. मडगार्ड टायरवर टेकलं.

मी उतरले, आधी हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरचा फ्यूज काढला. गळणारी पिशवी भरत बसला असता तर तोही जळाला असता. मग सर्व्हिस सेंटरला फोन लावला.

"मॅडम, सर आहेत का जवळ?" मॅनेजरने विचारलं.

"सर ऊस बघतायत. तुम्ही माझ्याशी बोला. तीन आठवड्यांपूर्वी बसवलेला पार्ट फुटलाय."

"तुम्ही आत्ता कुठे आहात?"

मी सांगितलं. पलीकडे तो चक्क हसला. "मॅडम, अशी गाडी मराठवाड्यात कशाला न्यायची? ही गाडी त्या रस्त्यांसाठी नाही. खराब रस्त्यामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही."

"मी चौपदरी महामार्गावर उभी आहे. तुमच्या सर्व्हिस सेंटरच्या दारातला रस्ता याच्या निम्म्याने चांगला नाही."

"सरांना फोन देता का जरा?"

मी फोन बंद केला. त्या वेळी हातात पाना होता. मॅनेजर तिथे नव्हता हे त्याचं नशीब.

मागच्या ट्रॅक्टरवाला खाली उतरला होता. दत्ता त्याचं नाव. चाळिशीचा, डोक्याला टॉवेल बांधलेला. मला वाटलं रस्ता अडवला म्हणून भांडायला आला. तो न विचारता चाकाशी आडवा झाला, कान लावला आणि म्हणाला, "ताई, वरून हवा जाऊन राह्यली. बलून गेला तुमचा."

त्या दिवशी मला उद्देशून गाडीबद्दल बोललेला तो पहिला माणूस.

"बलून?"

"ट्रॅव्हल्सच्या बसला असतो तसाच हाय की हा. माझा मावसभाऊ ट्रॅव्हल्सवर ड्रायव्हर हाय. त्यायचे सगळे बलून जुन्या जालन्यात नवं रबर घालून भेटतेत. बिलकुल नव्यासारखे. नंबर देतो, थांबा."

त्याने नंबर दिला, जालन्याहून गाडी उचलून नेणारा ट्रकही बोलावला. ट्रक येईपर्यंत आम्ही बांधावर बसून ऊस खाल्ला. गाडी इतकी खाली बसली होती की ट्रकच्या उतरत्या फळीला पुढचा बंपर घासायला लागला. दत्ताने आपल्या ट्रॉलीच्या दोन फळ्या सोडवून चाकांखाली घातल्या, तेव्हा कुठे ती वर चढली. त्याची रांगेतली जागा तोवर गेली होती, मागचे सहा ट्रॅक्टर पुढे निघून गेले होते. मी काही द्यायला गेले तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. ऊस कुठं पळून चालला?"

पुण्यात माझी गाडी बंद पडते तेव्हा मागचे लोक हॉर्न वाजवतात. हे लिहिताना पुण्याचा राग येतो आहे, पण तो आजचा विषय नाही.

जुना जालना

रात्र जालन्यात काढून शनिवारी सकाळी लॉजवर पोहे खाऊन ट्रकसोबत निघालो. जुन्या जालन्याच्या गल्ल्या अरुंद, दोन्ही बाजूंना धान्याची आणि कापडाची ठोक दुकानं, पोती उतरवणारे हमाल, मधून वाट काढणाऱ्या रिक्षा. ट्रक आत जाईना. शेवटी कोपऱ्यावर गाडी उतरवली, दत्ताने दिलेल्या नंबरवरचा माणूस हवेचं नळकांडं घेऊन आला, पिशवीत हवा भरली आणि ती गळून जायच्या आत मी गाडी दुकानापर्यंत नेली.

दुकानावर पाटी नव्हती. आत ट्रॅक्टरचे आणि जेसीबीचे हायड्रॉलिक पाइप टांगलेले होते. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याच्याखाली दाब मोजायची दोन घड्याळं, कोपऱ्यात पाण्याची लोखंडी टाकी आणि पाइपांची टोकं दाबायचं एक मोठं प्रेस मशीन. हवा घेऊन आलेला माणूस म्हणजे दुकानाचा मालक भास्कर. मागे एका बुटक्या स्टुलावर पस्तिशीची एक बाई बसली होती, साडीवर निळा कोट, आमच्याकडे पाठ, पुढ्यात अॅल्युमिनियमच्या रिंगांचा ढीग.

मी भास्करला सगळं समजावून सांगितलं. पिशवी कशी असते, दाब किती लागतो, कॉम्प्रेसर कसा वाचवला. तो "हाव, बराबर" म्हणत होता आणि मधूनमधून मागे वळून बघत होता. पंधरा मिनिटं मी बोलत होते. घसा सुकला तेव्हा स्टुलावरच्या बाईला म्हटलं, "बाई, जरा पाणी मिळेल का?"

तिने उठून पाणी दिलं. मग हातातली बॅटरी लावून बाहेर गेली आणि माझ्या गाडीच्या चाकाशी आडवी झाली. पाच मिनिटांनी आत येऊन भास्करला म्हणाली, "दादा, काढ. वरची रिंग सुटली." आणि भास्कर पाने घेऊन मुकाट बाहेर गेला.

मला तेव्हातरी लख्ख कळायला हवं होतं. नाही कळलं.

पार्ट निघायला दोन तास लागले. भास्करने तो आणून त्या बाईच्या पुढ्यात ठेवला. तिने चिंधीने पुसला, रबरावरून बोट फिरवलं आणि थबकली. मग उजेडात नेला.

"हा कुठून आणला तुम्ही?"

"जर्मनीहून," मी म्हटलं. "नवा आहे. तीन आठवडे झालेत."

ती भास्करकडे बघून म्हणाली, "दादा, हा आपला पीस हाय."

तिचं नाव छाया, भास्करची धाकटी बहीण. औद्योगिक वसाहतीतल्या एका रबराच्या कारखान्यात तिने सहा वर्षं काम केलं, मग तो कारखाना बंद पडला. भास्करचं पाइप दाबायचं दुकान होतं. एकदा ट्रॅव्हल्सची बस बलून फुटून जालन्यात अडकली तेव्हा तिने तो बलून कापून पाहिला, आणि त्याच पाइपांच्या मशीनवर तिने तो परत दाबून दिला. गेली सात वर्षं बलूनचं सगळं काम तीच करते. भास्कर गाड्या खोलतो आणि लोकांशी बोलतो. लोकांना त्याच्याशी बोलायला बरं वाटतं.

तिने मला जवळ बोलावलं. पार्टला दोन रिंगा असतात, वर एक आणि खाली एक. त्यांनी रबर धातूवर आवळून बसवलेलं असतं. वरच्या रिंगवर एके ठिकाणी चमक वेगळी होती, बोट लावलं तर खळगा लागला.

"इथं माझी खूण असती. पंचनं तीन टिंबं, आणि पुढं पीसचा नंबर. ग्राइंडर मारून काढून टाकली हो. रिंग किती पातळ झाली बघा. तिथूनच सुटली. सुटणारच की." मग तिने खालच्या टोकावरची धुळीसाठी बसवलेली रबरी टोपी मागे सारली. खालच्या रिंगवर तीन टिंबं होती, शेजारी नंबर. "हे त्यायला दिसलंच न्हाई. टोपीखाली होतं."

तिने कपाटातून एक वही काढली. प्रत्येक पीसचा नंबर, कोणत्या गाडीचा, किती दाबावर किती वेळ पाण्यात ठेवला, कोणाला दिला, सगळं तिच्या बारीक अक्षरात. हा पीस दोन महिन्यांपूर्वी संभाजीनगरच्या एका पार्टवाल्या व्यापाऱ्याला दिला होता. व्यापाऱ्याने तो सर्व्हिस सेंटरला विकला असणार. मधे कोणीतरी खूण घासली, काळा रंग मारला आणि पार्ट जर्मन झाला.

मी तंत्रनिकेतनात दरवर्षी सांगायचे की ओझं पेलणाऱ्या भागावर ग्राइंडर मारायचा नाही. पहिल्या वर्षाच्या पोरींना कळतं ते. आणि या लोकांनी माझ्या डोळ्यांदेखत तसा पार्ट बसवला, वर मला मराठवाड्याचे रस्ते शिकवले. उद्या अक्का मागे झोपलेल्या असताना, ऐंशीच्या वेगात, ती रिंग सुटली असती तर? माझ्या डोक्यात जाळ झाला.

छाया मात्र कामाला लागली. तिने जुन्या रिंगा कापल्या, रबर फेकलं, धातू घासून स्वच्छ केला. नवं रबर चढवलं. रिंग बसवून मशीनच्या जबड्यात धरली आणि अंगठ्याने चाचपत तीन वेळा जागा बदलली, मग दाबली. मधेच जेवायला थांबलो. तिच्या डब्यात ज्वारीची भाकरी, आंबटचुक्याची भाजी आणि शेंगदाण्याचा ठेचा होता. तिने न विचारता चार वाटे केले. सुधाकरला ठेचा लागला, तो डोळे पुसत हसत होता. मला भाकरीची चवसुद्धा लागत नव्हती. मी मनात तक्रारीचं पत्र लिहीत होते.

पार्ट पाण्याच्या टाकीत बुडवून ती दाब वाढवत नेत होती तेव्हा मी बोलले. "छाया, मला लिहून दे. हा पीस तुझा आहे, कधी दिला, कोणाला दिला. आणि वहीच्या त्या पानाचा फोटो."

भास्कर घाईने म्हणाला, "मॅडम, तसं नका करू. दहातले सात पीस तोच व्यापारी देतो आम्हाला. ह्या बलूनचं रबरबी त्याच्याकडूनच येतं. त्यानं हात आखडला तं आमचं दुकान बसलं."

"म्हणजे तो तुमचं नाव घासून टाकणार आणि तुम्ही गप्प बसणार?"

"नाव घासलं, पोट तं न्हाई घासलं ना."

मी छायाकडे वळले. माझा आवाज चढला होता. "तुला राग नाही येत? सात वर्षं काम करतेस, आणि बाहेर तुझं नावसुद्धा कुणाला माहीत नाही!"

छायाने पाण्यावरची नजर हटवली नाही. "येतो की," ती म्हणाली. "तुम्ही सकाळी आल्या, पंधरा मिनिटं दादाशी बोलल्या. मला पाणी मागितलं. तवाबी आल्ता."

कोपऱ्यातल्या सुधाकरने मान खाली घातली. टाकीतलं पाणी स्थिर होतं, एकही बुडबुडा नव्हता. तिची माफी मागायला हवी होती, पण मी चिडलेलीच होते, आणि आता स्वतःवर चिडले होते, आणि त्या अवस्थेत माझ्या तोंडून माफी निघत नाही. ही माझी खोड आहे. मी बाहेर जाऊन गल्लीत उभी राहिले.

चारच्या सुमारास गाडी चारही पायांवर सरळ उभी राहिली. निघताना छायाने कापलेल्या दोन्ही रिंगा चिंधीत बांधून माझ्या हातात दिल्या.

"लिहून देत न्हाई," ती म्हणाली. "पण कोणी विचारलं तं खोटंबी बोलणार न्हाई. ध्यानात ठेवा."

राजूर

शनिवारची रात्रही जालन्यातच काढून रविवारी सकाळी राजूरला पोचलो तेव्हा गणपतीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर नारळ-फुलांची दुकानं उघडली होती आणि बाहेरगावच्या गाड्यांची गर्दी सुरू झाली होती. अक्का ओसरीवर खुर्चीत तयार बसल्या होत्या, गाठोडं मांडीवर.

"परवा येणार होते ना तुम्ही? कामून उशीर केला?"

मी सांगितलं. चिडून, हातवारे करत, सगळं. अक्कांनी ऐकून घेतलं, धपाटे आणि दही पुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "मंग त्या पोरीला सॉरी म्हणलीस का न्हाई?"

"नाही."

"सुध्या, हिला अजून एक धपाटा दे. खाल्ल्यावर अक्कल येती."

गल्लीतल्या दोघी बायांनी आणि सुधाकरने मिळून अक्कांना मागच्या सीटवर आडवं केलं. मी गाडी सुरू केली तशी ती दोन बोटं वर उचलली गेली. अक्का "अगं बाई" म्हणाल्या आणि हसल्या. राजूर ते जालना रस्त्यावर मधे काम चालू होतं, खडी पसरलेली. मी आरशात त्यांच्या चेहऱ्यावर नजर ठेवून होते. कपाळावर एक आठी पडली नाही. पुढे गेवराईनंतर त्यांना चक्क झोप लागली. गेल्या चार महिन्यांत त्या एवढ्या सलग झोपल्या नव्हत्या, असं त्यांनीच नंतर सांगितलं. मी तीनशे किलोमीटर त्या एका पिशवीकडे कान लावून गाडी चालवली. तिने एकदाही कुरकुर केली नाही.

पुणे

सोमवारी अक्का भरती झाल्या, बुधवारी ऑपरेशन चांगलं पार पडलं. गुरुवारी मी सर्व्हिस सेंटरात गेले. सुधाकरला मुद्दाम घरी ठेवलं.

मॅनेजरच्या टेबलावर चिंधी सोडून दोन्ही रिंगा ठेवल्या, एक घासलेली, एक टिंबांची. काय झालं ते सांगितलं. त्याने रिंगांना हातही लावला नाही.

"मॅडम, तुम्ही गाडी गल्लीतल्या मेकॅनिककडे उघडली. ह्या रिंगा त्यांच्याकडच्याच असणार. आमचा ओरिजिनल पार्ट काढून घेतला आणि तुम्हाला ह्या दाखवल्या. तिकडे असंच चालतं."

"तिकडे म्हणजे?"

"मॅडम, तुम्ही समजून घ्या ना."

समजून घेण्याऐवजी मी फोन काढला. एक क्षण थांबलेही. तिने लिहून दिलं नव्हतं, आणि का दिलं नाही ते मला माहीत होतं. तरी मी नंबर लावला. त्या क्षणी मला माझं भांडण जिंकायचं होतं, हे इथे लिहून ठेवते. भास्करने उचलला. मी म्हटलं, "भास्कर, छायाला फोन द्या. मी सर्व्हिस सेंटरमध्ये बसले आहे, आवाज सगळ्यांना ऐकू येतोय, हे आधी सांगा तिला. नाही म्हणाली तरी चालेल."

तिकडे थोडा वेळ मशीनचा आवाज येत राहिला. मग तो थांबला.

"बोला," छाया म्हणाली.

मॅनेजरने विचारलं, "कोण आपण? तिथले मालक कोण आहेत, त्यांना द्या."

"मालक दादा हाय. पण बलून मी बनविते. विचारा काय विचारायचं ते."

तो टेबलावरचे कागद सारखे करायला लागला. मग तिनेच सांगितलं. पीसचा नंबर, गाडीचं मॉडेल, किती दाबावर तपासला, कोणत्या दिवशी संभाजीनगरला गेला आणि कोणाकडे. एका सुरात, वही वाचल्यासारखं. आणि शेवटी म्हणाली, "तुमच्याकडं त्या मॉडेलचे आणखी पीस असतीन. त्यायच्या खालची रबरी टोपी मागं सारून पाहा. वरची रिंग घासली असंन तं तो पीस कोणाच्या गाडीला लावू नका. माणूस मरंन."

शेजारच्या टेबलावर आपली गाडी न्यायला आलेलं एक जोडपं बसलं होतं. त्यातली बाई उठून आमच्याकडे आली आणि मॅनेजरला म्हणाली, "आमच्या गाडीला पण तुम्ही महिन्यापूर्वी हाच पार्ट बसवलाय ना? आत्ता काढून दाखवा."

त्यांनी दाखवला नाही. केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला, "आपण आपसात मिटवू" म्हणाले, मी कुठे काही बोलणार नाही असं लिहिलेला कागद पुढे केला. मी सही केली नाही. त्या बाईनेही केली नाही. आम्ही दोघींनी मिळून ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. तारखा पडत आहेत.

पुन्हा जुना जालना

अक्का वॉकर घेऊन चालायला लागल्यावर त्यांना राजूरला सोडायला गेलो. वाटेत जालन्याला थांबलो. मी अक्कांसाठी आणलेल्या फळांतली अर्धी पिशवी घेऊन दुकानात शिरले. या वेळी सरळ मागच्या स्टुलापाशी गेले.

"छाया, त्या दिवशीचं माझं चुकलं. आणि फोनबद्दल थँक्यू म्हणायला आले."

ती पाइप मोजत होती. बलूनचा एकही पीस दुकानात दिसत नव्हता.

"व्यापाऱ्यानं काम द्यायचं बंद केलं," ती म्हणाली. "तीन हप्ते झाले. रबरबी बंद."

"माझ्यामुळे."

"तुमच्यामुळं न्हाई. मी बोलले ते माझी खूण घासली म्हणून बोलले. तुम्ही कशाला मोठेपणा घेऊन राह्यल्या?" तिने टेप खाली ठेवला. ती रागावली होती, आणि ते लपवत नव्हती. "ट्रॅव्हल्सवाले येतेत, डायरेक्ट काम देतो म्हणतेत. पण रबर कुठून आणू? तुम्ही त्या कॉलेजात हेच शिकवत होत्या ना? मंग सांगा, ह्यात कोणतं रबर असतं? आत दोरा कशाचा असतो? आपल्याकडं कोण बनवतं?"

तिने कापलेल्या बलूनचा तुकडा माझ्या हातात ठेवला. तीस वर्षं मी फळ्यावर या पिशवीचं चित्र काढलं होतं, बाण काढून दाब दाखवला होता. रबर कुठलं, दोरा कशाचा, हे मला सांगता येईना.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

"मंग शोधा. फळं कशाला आणता?"

मी तो तुकडा पर्समध्ये घातला. गाडीत अक्कांनी काय झालं विचारलं, तेव्हा तो काढून दाखवला.

घरी आल्यापासून तेच करते आहे. जुन्या विद्यार्थ्यांना फोन केले, रबराच्या कारखान्यांना पत्रं लिहिली. अर्ध्या लोकांनी विचारलं, फर्मचं नाव काय, मालक कोण. मी प्रत्येक पत्रात छायाचं पूर्ण नाव लिहिते आणि खाली तिचा पत्ता. एका कारखान्याने उत्तरच दिलं "प्रिय महोदय" असं. त्यांना मी जे लिहिलं ते इथे छापण्यासारखं नाही. शेवटी माझी एक विद्यार्थिनी नोकरीला आहे त्या कारखान्याने नमुना करून द्यायचं कबूल केलं. गेल्या मंगळवारी तो जालन्याला पोचला. संध्याकाळी छायाचा फोन आला.

"टाकीत सोडला. दहा मिनटं बराबर ऱ्हायला, मंग शिवणीतून बुडबुडे."

"म्हणजे?"

"फेल. दुसरा मागवा. शिवण न्हाई पाहिजे म्हणावं, अखंड पाहिजे."

मागवला आहे.